नेल्बाचे डोंगर आणि एक खळगा

कोरोनेल अर्सेनियो गावाच्या कुठल्याही कोपऱ्यावर उभं राहा, नजर अडायला काही नाही. गहू, मका, तारेचं कुंपण, मधेच निलगिरीची एखादी रांग, आणि त्यापलीकडे नुसतं आभाळ. लांबवर गाय चरत असली तर तिच्या पायांमधूनसुद्धा क्षितिज दिसतं. पाम्पाच्या या परातीसारख्या मुलखात नेल्बा तोसेलीचा सगळा जन्म गेला, आणि तिचा धंदा काय, तर डोंगर काढण्याचा.

सुरुवातीला ती रेल्वेच्या नकाशांच्या खोलीत होती. रूळ कुठे किती चढतात, कुठे किती उतरतात, ते लांबलचक कागदावर रेघेने दाखवायचं काम. त्या भागात रूळ चढतही नाहीत आणि उतरतही नाहीत. त्यामुळे दिवसचे दिवस ती एकच आडवी रेघ पुढे पुढे नेत बसे. "आता येईल एखादी टेकडी, आता येईल, म्हणून मी वाट बघायची," ती सांगायची, "आणि यायचं काय, तर ओढ्यावरचा पूल. तोही सपाट." पुढे रेल्वेने ती खोलीच बंद केली आणि नेल्बा आपल्या पट्ट्या, पेन्सिली आणि शाईच्या बाटल्या घेऊन घरी आली. चाळिशी जवळ आली होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि आई गेल्यावर घरात बोलायला एक पोपट उरला होता. तोही भांडखोर.

हे एकोणीसशे सत्तरच्या आगेमागे. त्या काळी गावात शेतीच्या खालोखाल वेड होतं ते शर्यतीच्या गाड्यांचं. ज्याच्या त्याच्या घरामागे शेड, शेडमध्ये साखळीला टांगलेलं इंजिन, आणि त्याच्याभोवती रविवारचा चांगला शर्ट काळा करून घेणारे लोक. मोटार क्लबाने वर्गणी काढून एक चौथरा बांधला होता. इंजिन गाडीतून उतरवून त्या चौथऱ्यावर बसवायचं, त्याला पाण्याचा ब्रेक जोडायचा, आणि इंजिन पूर्ण सोडून दिल्यावर ते मिनिटाला किती फेऱ्यांना किती ओढ देतं ते काट्यावर वाचायचं. काटा वाचायचं काम पोचोकडे. पोचो एवढा जाडजूड होता की तो चौथऱ्याच्या खोलीत शिरला की इंजिनाला जागा कमी पडते असं लोक म्हणत.

पोचो वाचलेले आकडे एका कागदावर लिहून क्लबच्या बारमध्ये टांगे. खालीवर आकड्यांची उतरंड. त्या उतरंडीसमोर गाव व्हर्मुथ पीत भांडायचं. ज्याला वाचता येत होतं तो सगळ्यात मोठा आकडा वाचायचा, ज्याला येत नव्हतं तो त्याहून मोठा आकडा सांगायचा, आणि शेवटी ज्याचा आवाज मोठा त्याचं इंजिन चांगलं ठरायचं. एका शुक्रवारी नेल्बा ऑलिव्ह विकत घ्यायला तिथे गेली, ती उतरंड तिने पाहिली आणि मनातल्या मनात तिला एक चढण दिसली. आकडे वर जात होते, जरा वेळ वरच रेंगाळत होते, आणि मग उतरत होते. घरी येऊन तिने ते ग्राफपेपरवर मांडले. खाली आडवे इंजिनाचे फेरे, उभी इंजिनाची ओढ. प्रत्येक आकड्याला एक बारीक गोल, आणि गोलांवरून एक सावकाश रेघ. कागदावर डोंगर उभा राहिला. ती इतका वेळ त्याच्याकडे बघत बसली की पोपटाने शिव्या द्यायला सुरुवात केली.

तेव्हापासून गावातल्या प्रत्येक इंजिनाचा कागद नेल्बानेच काढायचा असं ठरून गेलं. तिला चौथऱ्याच्या मागची एक खोली मिळाली. पश्चिमेला खिडकी, खिडकीत धुळीचं सोनेरी ऊन, आणि भिंतीपलीकडे इंजिनाची घरघर.

तिचे काही हट्ट होते. उभी मोजपट्टी शून्यापासूनच सुरू व्हायची. त्यामुळे डोंगर बुटके दिसत आणि मिस्त्री लोक कुरकुरत. "खालचा भाग कापून टाक ना नेल्बाबाई, तिथे काहीच नाही. माझं इंजिन जरा उंच दिसेल!" त्यावर ती म्हणायची, "तुझ्या फोटोतले पाय कापले तर तू उंच दिसशील का रे?" सगळ्यांना मोजपट्टी एकच, पाहुण्याला वेगळी नाही. एका कागदावर फार तर दोन इंजिनं, एक लाल, एक निळं. अक्षरं एवढी मोठी की चष्मा घरी विसरलेल्या म्हाताऱ्यालाही बारच्या दारातून वाचता यावीत. आणि रेघ गोलांवरून जायची. गोल रेघेसाठी हलायचे नाहीत.

फक्त एका बाबतीत गावाने आपली सूट ठेवली होती. त्या सवलतीला म्हणत 'पोचोचं कोपर'. पहिल्याच वर्षी गांधीलमाशी हाकलताना पोचोचं कोपर ब्रेकच्या दांड्याला लागलं होतं आणि एक आकडा भलताच खाली आला होता. तेव्हापासून एखादा गोल उगाच रांग सोडून पडला, की सगळे म्हणत, "सोड गं, पोचोचं कोपर," आणि नेल्बा त्याला वगळून रेघ पुढे नेई. एक गोल असला तर कोपर, तीन असले तर इंजिनाचा दोष. दोन गोलांचं काय करायचं, हे कधी ठरलं नव्हतं, कारण तशी वेळ आली नव्हती.

नेल्बाला इंजिनाचं फारसं काही कळत नव्हतं, आणि ते ती लपवतही नसे. तिला डोंगर कळत. दुपारी सगळं गाव झोपलेलं असताना ती पेन्सिल खाली ठेवायची, डोळे अर्धवट मिटायची आणि ताज्या कागदावरच्या चढणीला लागायची. कुणाचा डोंगर उभा कडा असायचा, वर पोचता पोचता दम निघायचा, आणि माथ्यावर पाय ठेवायला जागा नसायची. लगेच पलीकडे घसरण. कुणाचा मधेच वाकडा. डेल्फोर पियात्तीचे डोंगर मात्र रुंद होते. हळूहळू चढायचे, वर मोठं पठार, पठारावर वारा, आणि कितीही चाललं तरी उतरण येत नसे. ती त्या पठारावर गवतात आडवी व्हायची. खाली कुठेतरी गाव असायचं, पण दिसायचं नाही. शेवटी पोचो दार वाजवून विचारायचा, "नेल्बा, झोपलीस का?" आणि ती म्हणायची, "नाही रे, फिरायला गेले होते."

तिचं डेल्फोरवर प्रेम होतं. गावाला हे ठाऊक होतं, पोचोला ठाऊक होतं, पोपटालाही असावं, कारण तो 'डेल्फोर' म्हणायला शिकला होता. डेल्फोरला तेवढं ठाऊक नव्हतं. विधुर माणूस, मोठाले कान, वाकलेली पाठ, सदा काहीतरी गुणगुणणारा. झडपेचा आवाज केसभर बदलला तर तो पलीकडच्या गल्लीतून ओळखी, पण बाईचा आवाज बदललेला त्याला शेजारच्या खुर्चीवर बसूनही कळत नसे. तो अधूनमधून तिच्या खोलीत येऊन बसायचा. येर्बाच्या कडवट चहाचं एकच भांडं, त्यात एकच नळी. एक घोट तिचा, एक त्याचा. एवढ्यावर तिची वीस-बावीस वर्षं छान चालली होती.

आणि मग ओस्मार ग्रान्याने नव्या हंगामासाठी इंजिन बदलायचं काढलं. ओस्मार गावचा एकुलता एक नावाजलेला ड्रायव्हर. त्याच्या गाडीत आजवर डेल्फोरचंच इंजिन असायचं, आणि खरं सांगायचं तर डेल्फोरकडे आता दुसरं गिऱ्हाईक उरलंच नव्हतं. पण शेजारच्या गावात शारेता नावाचा एक नवा मिस्त्री पुढे आला होता, आणि त्याच्या इंजिनाची हवा होती. ओस्मार म्हणाला, दोन्ही इंजिनं एकाच दिवशी चौथऱ्यावर चढवा, नेल्बाबाई एका कागदावर काढतील, त्यात जे बरं दिसेल ते मी घेईन.

"ओस्मारने माझं घेतलं तर मी इथेच," डेल्फोर चहाची नळी ओढत म्हणाला. "नाही घेतलं तर शेडला कुलूप. एल्दाकडे जातो, एस्केलला. पोरीला तसं कळवलंय."

"एस्केलला? तिथल्या थंडीत तुझे गुडघे धरतील."

"ते काय, इथेही धरतात. तिथे नातवंडं आहेत. इथे कोण आहे?"

नेल्बाने किटली उचलली, पुन्हा खाली ठेवली. "पोचो आहे," ती म्हणाली.

डेल्फोर हसला. नेल्बा हसली नाही. एस्केल म्हणजे दक्षिणेला बसने दोन दिवसांची वाट. तिथे गेलेलं माणूस नाताळला कार्ड पाठवतं, आणि पुढे तेही पाठवत नाही.

ठरलेल्या दिवशी सकाळी शारेताचं इंजिन झालं. नेल्बाने लाल शाईने काढलं. उंच, टोकदार डोंगर, पण चढण एकसारखी, कुठे ठेच नाही. दुपारी डेल्फोरचं इंजिन चढलं. इंजिन बांधणाऱ्याने कागद होईपर्यंत त्या खोलीकडे फिरकायचं नाही अशी रीत होती, म्हणून डेल्फोर पाठीमागे हात बांधून निलगिरीच्या झाडांखाली येरझाऱ्या घालत होता. खिडकीतून तिला तो दिसत होता. भिंतीपलीकडे त्याचं इंजिन हळूहळू वर चढत होतं, आणि नेल्बा डोळे मिटून त्याच्याबरोबर चढत होती. मध्यावर कुठेतरी आवाज किंचित खचला. चालता चालता एखाद्याने नि:श्वास टाकावा तसा. मग पुन्हा सावरला.

पोचोने आकडे आणून दिले. तिने गोल मांडले. सुंदर रुंद पठार, डेल्फोरचं नेहमीचं. पण पठाराच्या अलीकडे, चढणीच्या मध्यावर, दोन गोल खाली बसले होते.

ती कागद घेऊन पोचोकडे गेली. "पोचो, हे दोन खाली आलेत. कोपर लागलं का?"

पोचोने कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग खिडकीबाहेर झाडांखाली. "तुला हवं असेल तर लागलं," तो म्हणाला.

"मला काय हवंय ते मी विचारलं नाही."

"अगं बाई, केवढा उकाडा, घाम डोळ्यांत जातोय, काटा थरथरतोय... लागलंही असेल. माझं कोपर काय मला विचारून लागतं?"

"पोचो."

"नाही लागलं," पोचो म्हणाला आणि फडक्याला हात पुसत बसला. हात स्वच्छ होते.

निवडीच्या दिवशी एका इंजिनाला एकच संधी, हा क्लबचा नियम. पुन्हा मोजता येणार नव्हतं. नेल्बा खोलीत येऊन बसली. बारमधून हसण्याचे आवाज येत होते, ओस्मार आलेला होता. तिने वक्रपट्टी कागदावर ठेवली. पट्टीची कड त्या दोन गोलांच्या वरून अलगद जात होती, जणू तिथे दुसरं काही नव्हतंच. तसा डोंगर निघाला असता तर तो शारेताच्या डोंगरापेक्षा किती चांगला आहे हे आंधळ्यालाही दिसलं असतं. ओस्मारने डोळे मिटून डेल्फोरचं इंजिन घेतलं असतं. कुणी तिला काही विचारलंही नसतं. विचारलं असतं तर गावाने तिला शब्दही तयार करून दिला होता.

तिने डोळे मिटले आणि नेहमीसारखी चढायला लागली. गवत होतं, वारा होता. मध्यावर तिचा पाय खाली गेला. ती थांबली, पुन्हा खालून चढून आली, पुन्हा तिथेच पाय खाली गेला. डोंगर खरा होता आणि त्यात खळगा होता. डोळे उघडले तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण रडतोय, आणि शाईवर थेंब पडू नये म्हणून ती जरा मागे सरकून बसली. मग पट्टी बाजूला ठेवून तिने हातानेच, निळ्या शाईने, खळग्यासकट रेघ काढली.

बारमध्ये कागद भिंतीवर लागला तसे सगळे ग्लास घेऊन उठले.

"हे बघ, निळं किती पसरट आहे! उस्तादांचंच!"

"पसरट आहे, पण मधे हे काय? गायीने लोळण घेतलीय का?"

"पोचोचं कोपर असेल."

"दोनदा लागलं? पोचोला कोपरं किती आहेत?"

सगळे हसले. ओस्मार हसला नाही. त्याने त्या खळग्यावर बोट ठेवलं. नेल्बाने कागदावर काच लावलेली होती, म्हणून बोटाचा डाग काचेवर पडला. "या हंगामात सगळी वळणं संथ आहेत," तो म्हणाला. "वळणातून बाहेर पडताना इंजिनाचे फेरे नेमके इथे असणार. गाडी तिथेच धापा टाकणार." मग डेल्फोरकडे न बघता तो म्हणाला, "उस्ताद, राग मानू नका."

डेल्फोर म्हणाला, "राग कसला!" आणि आपला व्हर्मुथ तसाच ठेवून बाहेर पडला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या खोलीत आला. टोपी काढली नाही. नेल्बाने चहाचं भांडं पुढे केलं, त्याने एक घोट घेतला आणि "आभारी आहे" म्हणून परत दिलं. तिथे चहाच्या भांड्याबरोबर आभार मानले की त्याचा अर्थ, आता मला पुन्हा देऊ नकोस. नेल्बाने भांडं टेबलावर ठेवलं.

"एवढी वर्षं माझे कागद काढलेस तू," डेल्फोर म्हणाला. "माझी शेड बघ, चारही भिंती तुझ्या कागदांनी भरल्यात. एवढ्या वर्षांत तुझ्याकडे मी एक तरी गोष्ट मागितली?"

"नाही."

"हीही मागितली नाही. पण तुला कळायला हवं होतं. दोन गोल, नेल्बा! दोन! सगळं गाव कोपर म्हणायला तयार होतं."

"कोपर लागलं नव्हतं."

"ते मला ठाऊक आहे! मी झाडाखाली उभा होतो, मी ऐकलं. माझं इंजिन आहे ते." त्याचा आवाज चढला, आणि लगेच उतरलाही. "तू डोळेझाक करू शकली असतीस, एवढंच."

नेल्बा उभी राहिली. रागावली की तिची मान ताठ व्हायची. "हा खळगा मी बुजवला असता ना डेल्फोर, तर तुझ्या भिंतींवरचा एकही डोंगर खरा राहिला नसता. सगळे मी आपुलकीने काढलेले झाले असते. मग तू आयुष्यभर चांगली इंजिनं बांधलीस, की नेल्बाने चांगले कागद काढले, हे कुणी कसं ठरवायचं? तू तरी कसं ठरवलं असतंस?"

डेल्फोर दाराकडे वळला. मग टोपी जराशी पुढे ओढून निघून गेला.

त्यानंतरचे दिवस नेल्बाने कसे काढले ते तिलाच ठाऊक. ती कुणाचाही डोंगर चढली नाही. नुसते गोल मांडायची आणि रेघ ओढायची, रेल्वेच्या खोलीत ओढायची तशी. आपण केलं ते बरोबर केलं, याबद्दल तिला शंका नव्हती, आणि त्याने काडीचंही समाधान मिळत नव्हतं. पोपटाने एकदा 'डेल्फोर' म्हटलं तर तिने पिंजऱ्यावर टेबलक्लॉथ टाकला. तिकडे शारेताचं इंजिन घालून ओस्मारने पहिलीच शर्यत जिंकली, आणि गाव ओरडून ओरडून घसा बसवून घरी आलं.

आणि एका सोमवारी चौथऱ्याच्या दारात डेल्फोरचा ट्रेलर येऊन उभा राहिला.

"कुणाचं इंजिन?" पोचोने विचारलं.

"माझं."

"ते दिसतंय. कुठल्या गाडीसाठी?"

"कुठल्याच नाही. तू चढव, पोचो, जास्त बोलू नकोस. मधल्या भागात आकडे जवळजवळ घे. खळगा कुठे सुरू होतो, कुठे संपतो, मला नीट बघायचंय." मग तो नेल्बाच्या खोलीच्या दारात आला. "एल्दाला कळवलंय," तो म्हणाला. "खळगा बुजला की निघतो. खळगा असलेलं इंजिन मागे ठेवून मी जाणार नाही. लोक म्हणतील, म्हातारा पळाला."

"बस," नेल्बा म्हणाली.

तो बसला. इंजिन कुठल्याच गाडीचं नसल्याने रीतही लागू नव्हती. त्या दिवशी पहिल्यांदा डेल्फोरने आपला डोंगर कागदावर उगवताना पाहिला. एक गोल, मग दुसरा, मग तिसरा. त्याचं गुणगुणणं थांबलं होतं. खळगा आला तेव्हा तो पुढे वाकला आणि हळूच म्हणाला, "केवढा खोल आहे गं," एखाद्या आजारी माणसाबद्दल बोलावं तसं.

मग दर सोमवारी तेच चालू झालं. डेल्फोर धुराचे पाइप कापायचा, लांबवायचा, पुन्हा कापायचा. एकदा खळगा डावीकडे सरकला. एकदा बुजला, तर पठारावर दुसरीकडेच एक नवा उघडला, आणि दोघं इतकी हसली की पोचो बघायला आला. उन्हाळा गेला, मका कापून झाला, निलगिरीची सालं गळून वाटेवर पडली. दुपारी इंजिन थंड होत असताना खोलीत शांतता असायची, ऊन टेबलावरून भिंतीवर चढायचं, चहाचं भांडं इकडून तिकडे जायचं. नेल्बा कधी अर्धवट झोपेत त्या चढणीवर असायची आणि तिला वाटायचं, पुढे कुणीतरी चाललंय, त्याचे कान ओळखीचे आहेत.

पण खळगा उथळ होत चालला होता. प्रत्येक सोमवारी थोडा थोडा. डेल्फोर चांगला मिस्त्री होता, त्याला कोण काय करणार? आणि तो शब्दाचा पक्का माणूस होता. प्रत्येक कागदाबरोबर एस्केलची बस जवळ येत होती. पेन्सिलीचं टोक गोलाच्या केसभर खाली नेलं असतं तर एक आठवडा वाढला असता. हे नेल्बाला कळत होतं, आणि तिची बोटं ते करायला तयारही होती. तिने केलं नाही. खळगा उथळ झाला होता, तिने उथळ काढला, आणि घरी जाऊन पोपटाशी भांडली.

हिवाळ्यातल्या एका सोमवारी सकाळी कुंपणाच्या तारांवर दहिवर होतं. इंजिन चढलं. नेल्बा भिंतीला कान लावून ऐकत होती. तळापासून पठारापर्यंत एकदाही आवाज खचला नाही. पोचोने आकडे आणून दिले. नेल्बाने गोल मांडले. डेल्फोर शेजारी बसला होता. तिने पट्टी ठेवली. पट्टीच्या कडेला सगळे गोल एका ओळीत येऊन बसले, एकही खाली नाही. तिने निळी रेघ ओढली. असा रुंद, असा सलग डोंगर तिने आजवर कुणाचाच काढला नव्हता. तिने बोळ्याने शाई टिपली आणि कागद त्याच्यापुढे सरकवला. तिला त्याच्याकडे बघवेना.

"झालं," ती म्हणाली.

डेल्फोरने चष्मा लावला. कागद खिडकीशी धरला, उलटा करून मागून पाहिला, पुन्हा टेबलावर ठेवला. बराच वेळ त्याचं बोट चढणीवरून सावकाश वर गेलं, मध्यावर थांबलं, मागे आलं.

"हा कागद बरोबर नाही," तो म्हणाला.

"काय बरोबर नाही?"

"आज हवा थंड आहे. थंड हवेत कुठलंही इंजिन शहाण्यासारखं वागतं."

नेल्बाने त्याच्याकडे पाहिलं. हवेच्या गरम-थंडपणाचा हिशेब ती प्रत्येक कागदात आधीच धरत असे. कागदाच्या कोपऱ्यात ते लिहिलेलं असे. गावातल्या कुठल्याही मिस्त्रीला हे ठाऊक होतं, आणि डेल्फोर तर तेवीस वर्षं तिचे कागद वाचत आला होता. तो कागदाकडेच बघत होता. त्याचे मोठाले कान लाल झाले होते, आणि खोलीत शेगडी पेटलेली होती, त्यामुळे थंडीने नक्कीच नाही.

"मग?" तिने विचारलं.

"मग काय. पुन्हा मोजायला हवं. उन्हाळ्यात."

"उन्हाळा लांब आहे, डेल्फोर."

"आहे खरा," डेल्फोर म्हणाला.

नेल्बाने पेन उचललं. कागदाच्या तळाशी, शेरा लिहायच्या जागी, तिने बारच्या दारातूनही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं : उन्हाळ्यात पुन्हा मोजणे.